सहावी बाटली

सिंधूला स्वस्थ बसलेलं मी सतरा वर्षांत पाहिलेलं नाही. माझ्याकडे चहाला आली तरी कप हातात घेऊन घरभर फिरणार, खिडकीचा पडदा सारणार, फ्रिजवर लावलेली, कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा ती यादी सरळ करणार, आणि वर चहा गार झाला म्हणून मलाच बोलणार. "अगं बस की बाई, मला गरगरायला लागलं," असं मी ओरडले की दोन मिनिटं टेकते आणि पुन्हा उठते. पायाला भिंगरी असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण हिच्या भिंगरीला रात्रीची सुद्धा सुट्टी नाही.

मी सुचेता. टोकियोत निशी-कसाईत राहते, पोरांच्या गणिताच्या शिकवण्या घेते, आणि फटकळ आहे असं आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका म्हणतात. म्हणोत बापड्या. गेल्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारी हे फटकळ तोंड मी उघडलं, त्याची ही गोष्ट आहे. बरं केलं की वाईट केलं, ते अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

सिंधू मूळची कराडची. वडिलांचं मसाला कांडप होतं, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत. पोरगी दहा वर्षांची असल्यापासून गिऱ्हाइकाची मिरची नुसती हुंगून सांगायची, ब्याडगी की संकेश्वरी, यंदाची की गेल्या साली उरलेली. एकदा एका व्यापाऱ्याने मिरचीची पन्नास पोती आणून टाकली. वरून लालबुंद, खडखडीत वाळलेली. ही पोतं न उघडताच म्हणाली, "बाबा, ह्याला ओल्या पोत्याचा वास येतोय." उघडून बघतात तर आत बुरशी. व्यापारी पोती घेऊन परत गेला. ही हकीकत मी तिच्या तोंडून कमीत कमी चाळीस वेळा ऐकली आहे आणि दर वेळी पोत्यांची संख्या वाढलेली असते.

लग्न झालं दिगंबरशी. तो कॉम्प्युटरवाला, शांत माणूस, घरात आहे की ऑफिसात हे विचारल्याशिवाय कळत नाही. त्याच्याबरोबर ती टोकियोला आली. इथे प्रत्येक परदेशी माणसाला राहण्याचं एक कार्ड मिळतं, आणि त्यावर तुम्ही कोण ते लिहिलेलं असतं. दिगंबरच्या कार्डावर इंजिनियर. हिच्या कार्डावर, पहिली अकरा वर्षं, 'अवलंबित'. "सुचे, मी काय वेल आहे का गं?" म्हणून ती ते कार्ड माझ्यापुढे आपटायची. मग तिने कामं धरली. आठवड्याला अठ्ठावीस तासांची परवानगी असते, तेवढ्यात बसतील ती सगळी. इचिकावाच्या एका कारखान्यात डबे भरले, हॉटेलात चादरी बदलल्या, शाळेत पोरांना जेवण वाढलं. एकही टिकलं नाही. कामात वाईट नव्हती, पण तिसऱ्या महिन्यात तिला त्या भिंती खायला उठायच्या.

मोरिता-सानचं दुकान मात्र टिकलं. सान म्हणजे आपल्याकडचं राव, बाई, जे म्हणाल ते. ग्योतोकूला, आमच्यापासून तोझाई लाइनवर चौथ्या स्टेशनाला, एका गल्लीत त्यांचं छोटं वाईनचं दुकान आहे. सिंधू तिथे वाईन घ्यायला नव्हती गेली, कसली जाते! घर बदलायचं होतं म्हणून बाटल्यांचे मजबूत खोके मागायला गेली होती. आत मोरिता-सान आणि कुठल्याशा कंपनीचा विक्रेता पेले हुंगत उभे होते आणि तो विक्रेता वाईनची स्तुती करत होता. सिंधूने लांबूनच नाक वर केलं आणि मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाली, "ह्याला ओल्या पोत्याचा वास येतोय."

बाटलीचं बूच खराब असलं की वाईनला असा वास लागतो म्हणे. त्या विक्रेत्याला तो आला नव्हता. मोरिता-सानना आला होता, पण पाहुण्याला कसं सांगायचं म्हणून ते गप्प होते. त्यांनी हिला खोके दिले आणि सोमवारपासून कामाला या म्हणाले. त्याला सात वर्षं झाली.

मी तिची थट्टा करायचे. वाईन चाखणारे लोक ती पीत नाहीत, तोंडात घोळवून थुंकतात. "आमच्याकडे थुंकलं तर दंड होतो, तुला पगार मिळतो," असं मी म्हणायचे. सासरी तिने 'किराणा दुकान' असं सांगून ठेवलं होतं. पण सात वर्षांत ती त्या दुकानाचं नाक झाली. लोक यायचे आणि विचारायचे, सिंधू-सान आहेत का?

मग गेल्या मे महिन्यात तिला ताप आला. कसला ताप ते सांगायला नको. पाच दिवसांत उतरला. आठवड्याने मी तिच्याकडे गेले तर जिन्यातच करपल्याचा वास. दार ढकलून आत जाते तर धूर, पातेल्यातलं दूध जळून काळं ठिक्कर, आणि ही बाई गॅसपासून तीन हातांवर उभी राहून कपड्यांच्या घड्या घालतेय.

"अगं सिंधू! जळतंय!"

"काय जळतंय?"

मी गॅस बंद केला. तिने पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग धावत जाऊन हिंगाची डबी उघडली आणि नाकाला लावली. लवंग, कापूर, माझ्या केसांच्या तेलाचा वास, फिनेलची बाटली. सगळं हुंगून झालं आणि ती जमिनीवर बसली. सतरा वर्षांत ती बसलेली मी पाहिलेली नाही म्हणाले ना, तर ती एक वेळ सोडून.

"कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "येईल परत. डॉक्टर म्हणालेत, येतो."

जून गेला, जुलै गेला. नाही आला. मीठ-साखर जिभेला कळायची, बाकी सगळा भुसा. तिची जुनी वही होती, सात वर्षं प्रत्येक वाईनबद्दल लिहिलेली. ती पाठ करून ती गिऱ्हाइकांशी बोलायची. काळी चेरी, मिरी, ओली माती, सगळं तोंडपाठ. मनातून मात्र पार हलली होती. ट्रेनमध्ये दारापासून दारापर्यंत फेऱ्या मारायची. घरी दिवसातून वीस वेळा गॅस बंद आहे का बघायची. तिची मुलगी नुपूर वैतागून जपानीत काहीतरी पुटपुटायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. मी दहा वेळा म्हणाले, मोरिता-सानना सांगून टाक. "नाकाने नोकरी दिली त्यांनी मला," ती म्हणायची. "नाक गेलं, मग मी कोण? पुन्हा अवलंबित?"

सप्टेंबरात गणपती आले. आमच्या मंडळाचा नैवेद्य दर वर्षी सिंधूच करते, दोनशे माणसांचा. नैवेद्य चाखायचा नसतो, हुंगायचाही नसतो, देवाआधी आपण कसा घ्यायचा? हाताच्या अंदाजानेच मीठ, हाताच्या अंदाजानेच मसाला. यंदा वाढताना माझा जीव वरखाली होत होता. पण अळूची भाजी, कटाची आमटी, मसालेभात, सगळं दर वर्षीसारखं, जिथल्या तिथे. लोक बोटं चाटत होते. ती पडद्यामागे उभी राहून बघत होती आणि माझ्या कानात म्हणाली, "सुचे, हाताला अजून येतंय."

आता खरी गोष्ट. मोरिता-सान त्र्याहत्तर वर्षांचे. मूलबाळ नाही. बायको नागानोला तिच्या माहेरच्या गावी जाऊन राहिली आहे आणि दर रविवारी फोनवर विचारते, कधी येताय? ऑक्टोबरात त्यांनी सिंधूला समोर बसवलं. म्हणजे ते बसले, ही उभीच होती. म्हणाले, "जानेवारीपासून दुकानात कुठली वाईन ठेवायची ते तुम्ही ठरवायचं. पूर्ण वेळ. वसंतात जर्मनीला जाऊन निवडूनही तुम्हीच आणायची. मात्र त्याआधी नोव्हेंबरात गिऱ्हाइकांसाठी चाखणी असते, तीत ती जर्मन लाल वाईन तुम्ही उभी करून दाखवा."

ती जर्मन लाल हे मोरिता-सानचं दुखणं होतं. तरुणपणी ते जर्मनीत एका द्राक्षमळेवाल्याकडे राहिले होते. आता तो माणूस नाही, त्याची मुलगी मळा बघते. तीन जातींची काळी द्राक्षं मिळून ही वाईन होते. डॉर्नफेल्डरचा गडद रंग आणि जांभळासारखी चव, लेमबर्गरचा मिरीचा ठसका, आणि श्पेटबुर्गुंडर, तिचा मऊपणा. ही नावं मी पाठ केली आहेत, उगाच हसू नका. पण जर्मनी म्हटलं की इथल्या गिऱ्हाइकाला पांढरी वाईनच आठवते. लाल बाटली हातात घेतात, 'हो का, जर्मनीची?' म्हणतात आणि शेजारची फ्रेंच उचलतात. जर्मन लोक तिच्याबरोबर भाजलेलं डुकराचं मांस, सॉसेज आणि कोबी खातात. मोरिता-साननी ते तीन वर्षं करून बघितलं. लोकांनी सॉसेज संपवलं आणि बिअर मागितली.

तेव्हा हिला खायचं काहीतरी शोधायचं होतं. सिंधूच्या स्वयंपाकघरात रोज प्रयोग सुरू झाले. आम्हा दोघींचे नवरे प्यायला, मी खायला, आणि ती आमच्या तोंडांकडे बघायला. माझा नवरा प्रसन्न अशा कामाला अगदी निरुपयोगी, त्याला सगळंच 'मस्त' लागतं. त्याच्या मस्तवर भरवसा ठेवून तिने पहिल्याच दिवशी मिसळ केली. दिगंबरने एक घास खाल्ला, एक घोट घेतला, आणि तो शांत माणूस चक्क "आई गं" म्हणाला. तिखटावर लाल वाईन पडली की ती कडू होते आणि तिखट दुप्पट होतं. दुसऱ्या दिवशी सुरमई. वाईन पत्र्यासारखी लागते म्हणाले. मग मटण, ते बरं जमलं, पण मसाला वाईनला आत येऊच देत नव्हता.

"चहाच्या पेल्यात पिताय का रे?" म्हणून ती नवऱ्यांवरच खेकसायची. स्वतः चाखून बघता येत नव्हतं, त्याचा सगळा राग दुसऱ्यांच्या जिभांवर. मी म्हणाले, तू असं उभं राहून आमच्याकडे टक लावून बघू नकोस, माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

एकदा ती ओवनपासून सिंकपर्यंत फेऱ्या मारता मारता थांबली. "वांगी," म्हणाली. इथली वांगी बारीक, मऊ, मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं खारट वाटण, लावून भाजून खातात लोक. तिने ती चिरून भरली, तीळ, सुकं खोबरं, दाण्याचं कूट, गूळ, आणि कराडहून आलेला गोडा मसाला. लाल तिखट फक्त रंगापुरतं. दिगंबरने घास घेतला, घोट घेतला, पुन्हा घास घेतला. पेला खाली ठेवलाच नाही. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, "काही नाही, दोन्ही एकाच घरातली वाटतात." दिगंबरच्या आयुष्यातलं हे सगळ्यात लांब वाक्य असावं. सिंधूने तोंडावर हात घेतला. मला म्हणाली, "दगडफूल असतं ना मसाल्यात, त्याचा तो मातकट वास. आणि खोबरं भाजलं की येतो तो. वाईनमध्येही तसंच काहीतरी होतं, आठवतंय मला. आठवतंय!" आणि रडायला लागली.

चाखणी नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, दुपारी तीनला. मला तिने वाढायला नेलं. खरं म्हणजे धीराला. सकाळी ट्रेनमध्ये तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला. डबे तीन वेळा उघडून पाहिले. "आज जमलं तर जमलं सुचे, नाहीतर मी परत डबे भरायला इचिकावाला," असं ती दर स्टेशनला म्हणत होती.

दुकानात मोरिता-साननी पाच बाटल्या आधीच उघडून ठेवल्या होत्या. हल्ली ते स्वतःच उघडायचे, मनगटाला व्यायाम होतो म्हणून. सिंधूला याचा राग यायचा. "आधी मी उघडायचे. जूनपासून हातच लावू देत नाहीत. माझ्यावरचा भरवसा गेलाय बहुतेक," असं ती मला म्हणाली होती.

बारा पाहुणे आले. त्यांतले महत्त्वाचे एकच, ओगावा-सान. त्यांचं ईल माशाचं जुनं हॉटेल आहे, निखाऱ्यावर भाजून गोडसर रस्सा लावलेला मासा मिळतो तिथे, आणि त्यांनी हो म्हटलं की गल्लीतले सगळे हो म्हणतात. सिंधूने जर्मन लाल ओतली, थोडी गार केलेली, बरोबर वांगी वाढली, तळाशी चमचाभर भात. आणि बोलली काय सुरेख! मी जपानी ऐकत नव्हते, तिचे हात बघत होते. लोक खाऊ लागले आणि ती टाचा उचलून उभी राहिली, शर्यतीच्या रेघेवर राहतात तशी.

ओगावा-साननी दोन घास खाल्ले, पेला उजेडात धरला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "आमच्या ईलच्या रश्शालाही ही चालेल. वर थोडी सान्शो मिरी टाकली की झालं." बस! बायका 'ओइशी, ओइशी', म्हणजे छान, छान, म्हणू लागल्या, एका आजोबांनी वांगी पुन्हा मागितली. मोरिता-सान कोपऱ्यात उभे राहून नुसते मान हलवत होते. मला वाटलं, गड आला.

पाच बाटल्या संपल्या. तेवढ्यात मोरिता-सानना जर्मनीहून फोन आला, त्या मळेवाल्याच्या मुलीचा, आणि ते बाहेर गेले. ओगावा-सान म्हणाले, "अजून थोडी मिळेल का?"

थांबायचं होतं गं हिने. पाच मिनिटं. पण सिंधू आणि थांबणं! ती मागे धावली, सहावी बाटली काढली, सराईतपणे बूच ओढलं आणि ओतायला लागली. ओतता ओतता बोलतही होती, जांभूळ, मिरी, भाजलेलं खोबरं. बारा पेले झाले.

लोकांनी घोट घेतले आणि दुकान शांत झालं. कुणीही तोंड वाकडं केलं नाही. ओगावा-साननी पेला अलगद खाली ठेवला आणि मान हलवून 'नारुहोदो' म्हणाले. म्हणजे, 'असं होय'. इथे माणसं नको असलेल्या गोष्टीला नाही म्हणत नाहीत, 'असं होय' म्हणतात. त्या आजोबांनी तर बिचाऱ्यांनी डोळे मिटून पूर्ण पेला गिळला, ओतणारीला वाईट वाटू नये म्हणून. आणि सिंधू हसत होती. तिला वाटत होतं, लोक गहिवरलेत.

मी रिकाम्या ताटल्या उचलायला एका पेल्याजवळ वाकले आणि मला तो वास आला. मी जन्मात वाईन प्यायलेली नाही. पण ज्या वासाची हकीकत चाळीस वेळा ऐकली, तो ओळखायला चाखावं कशाला लागतं? ओलं पोतं. कोंदट, बुरसटलेलं ओलं पोतं.

गप्प बसले तर ओगावा-सान घरी जाऊन म्हणणार, वाईन वाईट. बोलले तर सिंधूचं भांडं फुटणार. आणि ही सातव्या बाटलीकडे निघालेली! मी मराठीतच बोलले, जरा मोठ्यानेच, कारण मला हळू बोलता येत नाही.

"सिंधू, थांब. ह्याला ओल्या पोत्याचा वास येतोय."

ती जागच्या जागी थिजली. मराठी कुणालाच कळलं नव्हतं. तेवढी सोय मी ठेवली होती तिला. पेला नाकाला लावायचा, 'अरेरे, ही बाटली बिघडलेली निघाली' म्हणायचं, दुसरी उघडायची, झालं. कुणाला संशय आला नसता. तिने पेला उचललासुद्धा. नाकाजवळ नेला. तिच्या डोळ्यांत मला दिसत होतं, आत काहीच पोचत नाहीये. ज्या वासाने तिला हे दुकान दिलं होतं, तोच वास समोर होता आणि तिला तो येत नव्हता.

तिने पेला खाली ठेवला, दोन्ही हात पुढे जुळवले आणि कमरेत वाकून जपानीत म्हणाली, "माफ करा. ही बाटली खराब आहे. मला ते कळायला हवं होतं. मे महिन्यापासून मला वास येत नाही. मी हे सगळ्यांपासून लपवलं."

मला वाटलं जमीन दुभंगावी. मोरिता-सान दारात उभे होते, फोन हातात. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत आले, पाहुण्यांना वाकून नमस्कार केला, बाराच्या बारा पेले स्वतः गोळा केले, सातवी बाटली उघडली, हुंगली आणि ओतली. ओगावा-साननी नवा पेला घेतला, उरलेलं वांगं खाल्लं आणि जाताना ईलसाठी म्हणून जर्मन लाल सांगून गेले.

सगळे गेल्यावर सिंधू म्हणाली, "मोरिता-सान, मी तुम्हाला फसवलं."

"मला जूनपासून माहीत होतं," ते पेले पुसत म्हणाले. "जूनमध्ये मागची मोरी तुंबली होती. सगळे नाक धरून बाहेर पळाले. तुम्ही आत गाणं म्हणत काचा पुसत होता."

म्हणून ते बाटल्या उघडत होते! मनगटाचा व्यायाम कसला डोंबलाचा. पाच महिने ते रोज तिच्या आधी येऊन प्रत्येक बाटली हुंगत होते, तिच्या हातून वाईट पेला जाऊ नये म्हणून. आणि ती रोज झुरत होती की भरवसा गेला.

मला वाटलं ही आता त्यांच्या पाया पडेल. ती भडकली! "पाच महिने? मी पाच महिने झोपले नाही! तुम्हाला माहीत होतं तर बोलायचं नाही?"

मोरिता-सान गोंधळले. म्हणाले, "तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो. जानेवारीचं विचारलं, तेव्हा तरी सांगाल असं वाटलं होतं."

मी मुकाट ताटल्या विसळायला घेतल्या, कारण मलाही माहीत होतं आणि मीही फक्त हिच्यावर ओरडत होते. मग सिंधूने हळूच विचारलं, "जानेवारी?"

"नाही," ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडून सरळ 'नाही' पहिल्यांदाच ऐकलं. "वास न येता निवड करता येणार नाही, सिंधू-सान. ते मी तुम्हाला देऊ शकत नाही." मग, पेल्याकडेच बघत, "बायकोला सांगतो, अजून एक वर्ष. डॉक्टर काय म्हणतात बघू. तोपर्यंत कुठल्या वाईनशी काय खायचं ते तुम्ही बघा. दुसरं नाक मात्र शोधा, मी म्हातारा आहे, मला सर्दी होते."

परतीच्या ट्रेनमध्ये ती रडली. रडता रडताही दारापासून दारापर्यंत चालत होती. मी तिच्यामागून चालत होते, दोन्ही हातांत रिकामे डबे.

ते दुसरं नाक म्हणजे अर्थात मी. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी शिकवण्या नसतात, तेव्हा मला ग्योतोकूला जाऊन बाटल्या हुंगाव्या लागतात. पीत नाही, आधीच सांगते. डॉक्टरांनी तिला रोज चार वास हुंगायला सांगितलेत, येवोत न येवोत. ती लवंगेची डबी नाकाला लावते आणि मी शेजारी पेला.

गेल्या शुक्रवारी दुकानात गर्दी होती, वर्षाअखेरची. जर्मन लालची नवी पेटी आली होती. सिंधूने बाटली उघडून पेला माझ्या हातात दिला.

"काय येतंय?"

"वाईनचा वास येतोय, आणखी काय?"

"नीट सांग सुचे."

"जांभूळ. मिरी. झालं?"

"आणि?"

"आता आणि काय! लोक बघतायत आपल्याकडे."

"बघू देत," ती म्हणाली. आणि त्या भरल्या दुकानात, आधी मराठीत मला आणि मग वळून जपानीत त्या रांगेतल्या माणसांना, काही न घडल्यासारखी म्हणाली, "मला वास येत नाही. ह्या सांगतील."

मी पुन्हा नाक पेल्यात घातलं. कराडच्या कांडपात मी कधी गेले नाही, पण सावकाश, सुचेल तसं तिला सांगत गेले. भाजलेलं खोबरं. दगडफूल. पाणी शिंपडलेलं अंगण. ती काउंटरला टेकून, डोळे मिटून ऐकत होती. तिची लवंगेची डबी उघडीच होती, आणि पाय जागचे हलत नव्हते.